फाशी की मरेपर्यंत जन्मठेप?
खुनाची बातमी आली की नाशिकच्या चहाच्या टपरीवर पहिला शब्द ‘फाशी’. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना तोच न्याय वाटणार, मान्य. १९८० पासून ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ खटल्यातच देतात. तरी चूक होतेच. नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा-हत्याकांडात सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी ठोठावली आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते! फाशी उरकली असती, तर कोर्टाने प्रत्येकाला द्यायला लावलेले भरपाईचे ५-५ लाख कुणाच्या हातात ठेवले असते? मरेपर्यंत जन्मठेपेत खुनी बाहेर येत नाही, पण निरपराधाला सोडता येतं. मी जन्मठेपेच्याच बाजूने आहे.