पंपावर इंजिन बंद केलं आणि कळलं: जुनी आरएक्स-७ घेताना मी कसा फसलो

गाडीतलं आपल्याला थोडंफार कळतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मलाही तसंच वाटत होतं. वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं दुकान, लहानपण ऑइलच्या वासात गेलेलं, आणि इथे न्यू जर्सीत घर घेताना बायकोने किचन बघितलं आणि मी गॅरेज. तीन वर्षं आधी एक जुनी मियाटा, म्हणजे माझदाची छोटी स्पोर्ट्स कार, घरीच उघडून परत उभी केली होती, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. मग रोटरी इंजिनाचं वेड लागलं. माझदाने १९६७ मध्ये कॉस्मोत टाकलेलं, पिस्टनच नसलेलं इंजिन, त्याऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात, आणि त्याच जातीच्या चार रोटरवाल्या गाडीने १९९१ ला ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली. मला हवी होती माझदाचीच रोटरीवाली १९८८ ची आरएक्स-७ टर्बो, बॉनेटवर स्कूप असलेली ती.

चार महिने जाहिराती बघून पेन्सिल्व्हेनियात ॲलनटाउनच्या पुढे एक सापडली. साडेतेरा हजार डॉलर, पांढरी, आणि जाहिरातीत ठळक लिहिलेलं की इंजिन पाच हजार मैलांपूर्वी पूर्ण रिबिल्ड केलंय, म्हणजे उघडून नव्याने बांधलंय, बिल आहे, फोटो आहेत. विकणारा पन्नाशीचा, गोड बोलणारा, फोनवर अर्धा तास माझ्याशी ॲपेक्स सीलवर, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या हवा अडवणाऱ्या पट्ट्यांवर, बोलला. मी काय काय वाचलंय ते त्याने त्या अर्ध्या तासात माझ्याकडूनच काढून घेतलं हे आता कळतंय. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस ओळखायला त्याला फार वेळ लागला नसेल.

शनिवारी सकाळी मित्राला घेऊन गेलो. आम्ही पोचलो तर स्पार्क प्लग आधीच काढून ठेवलेले, गेज तयार, म्हणाला तुला कळतं म्हणून आधी कॉम्प्रेशनच, म्हणजे इंजिन आतली हवा किती दाबतं तेच, दाखवतो. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या १३बी इंजिनात दोन रोटर, प्रत्येक रोटरला तीन बाजू, म्हणजे एका रोटरचे तीन वेगळे आकडे यायला हवेत. साधा पिस्टनवाला गेज लावला तर तो तिघांतला सगळ्यात मोठाच आकडा धरून बसतो आणि एक बाजू गेलेली असली तरी कळत नाही. हे मी वाचलेलं होतं आणि तोंड उघडणार तेवढ्यात त्याने स्वतःच गेजमधला, तो मोठा आकडा धरून ठेवणारा व्हॉल्व्ह काढला आणि स्टार्टर मारून दाखवलं, बघ, काटा तीन वेळा सारखाच उडतोय. खरंच सारखा उडत होता. मी खूश. माणूस किती प्रामाणिक, मी न विचारताच दाखवतोय.

मग प्लग लावून चालू केली तर मागून निळ्या धुराचा लोट. मी बघितलं त्याच्याकडे. तो म्हणाला रोटरी तेल खातेच, शिवाय मी पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळतो, सीलला बरं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत! या इंजिनात ऑइल थोडं थोडं मुद्दाम जाळायला वेगळा पंपच असतो, आणि बरेच रोटरीवाले पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात. मी मान डोलावली. दहा मिनिटांनी धूर कमी झाला तेव्हा तर खात्रीच पटली.

चक्कर मारून आलो, गाडी छान ओढत होती. मी किल्लीकडे हात नेला तर म्हणाला बंद करू नको, टर्बो आहे, जरा आयडलला थंड होऊ दे. हेही खरंच आहे, टर्बो गरम असताना धाडकन बंद करू नये म्हणतातच. ती गाडी तशीच चालू राहिली, आम्ही बोलत बोलत बाजूला गेलो आणि शेवटी बंद त्यानेच केली, मग नोटरीकडे जाऊन सही, टेंपररी टॅग, परत येऊन कॅशियर्स चेक हातात देईपर्यंत दोन तास गेले. म्हणजे गरम इंजिन बंद करून लगेच परत चालू होतंय का, हे मी बघितलंच नाही. रोटरीची हीच तर खरी परीक्षा. सील झिजलेली असली तरी थंड इंजिन पटकन चालू होतं, गरम झालं की कॉम्प्रेशन पुरत नाही आणि स्टार्टर नुसता फिरत राहतो.

बिल ऑफ सेलवर एक ओळ होती, ॲज इज, म्हणजे आहे त्या स्थितीत. इथे खाजगी विक्रीत सगळेच लिहितात, मीही सही ठोकली. मायलेजच्या जागी एक्झेम्प्ट, म्हणजे किती मैल चालली ते लिहिण्यातून सूट, एवढ्या जुन्या गाडीला ते चालतं.

आय-७८ हायवेवरून जर्सीत शिरलो आणि पेट्रोलला थांबलो. जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे, पंपावरचा माणूस भरतो, आणि तो काच ठोकून म्हणाला इंजिन बंद कर. केलं. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली. स्टार्टर गरगर, इंजिन ढिम्म. परत, परत, मागच्या गाड्यांचे हॉर्न, शेवटी मित्राने आणि मी ढकलून बाजूला लावली. पाऊण तासाने थंड झाल्यावर अशी चालू झाली की जसं काही झालंच नाही. मित्र म्हणाला बॅटरी असेल. मी गप्प, कारण मला तेव्हाच कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात रोटरीचा खरा टेस्टर भाड्याने आणला, जो तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे देतो. इंजिन गरम करून मोजलं. माझदाच्या मॅन्युअलप्रमाणे २५० आरपीएमला कमीत कमी ६ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) हवं, नव्याला साडेआठच्या आसपास असतं. मागचा रोटर ६.१, ६.०, ५.९. पुढचा ५.४, ५.२, ४.६. म्हणजे मागचा काठावर आणि पुढचा गेलेला.

मग त्या दिवशी काटा सारखा कसा उडाला? हे कोडं वडिलांनी सोडवलं, व्हिडिओ कॉलवर, हातात चहा. म्हणाले, "आरं, प्लगच्या भोकातनं ऑइल वतलं आसंल त्यानं. रिंगा गेलेल्या ट्रॅक्टरला चमचाभर ऑइल वतून कॉम्प्रेशन बघत्यात की. ऑइलनं फट बुजती, आकडा वर जातोय. आनि तू धूर बघून बी गप बसलास व्हय?" प्लग आधीच काढून का ठेवले होते आणि धूर दहा मिनिटांत का कमी झाला, ते दोन्ही तिथेच सुटलं. मी रोटरीबद्दल शंभर पानं वाचली होती आणि उद्यमनगरातली ही साधी गोष्ट आठवली नाही, याचा राग पैशापेक्षा जास्त आला.

इंजिन गॅरेजमध्येच काढलं. फ्लायव्हीलचा ५४ मिलीमीटरचा नट सोडवायला पान्याला सहा फुटी पाइप लावून दोघे लटकलो. आत बघितलं तर रिबिल्डचा मागमूस नाही. हाउसिंगचं, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाचं, क्रोम कडेला सोललेलं, पुढच्या रोटरचं एक ॲपेक्स सील कोपऱ्यात तुटलेलं, रोटरवर वर्षानुवर्षांचा कार्बन. कधीतरी कुणीतरी उघडलं होतं हे नक्की, कारण पाण्याच्या सीलच्या खाचेत केशरी सिलिकॉन ठासून भरलेलं होतं, आणि बाहेरून सगळ्याला चकचकीत चंदेरी रंग. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "इंजिन रंगवल्यालं दिसलं की आधी इचारायचं, का रंगवलं."

आता ते बिल. तीन पानी, टाइप केलेलं, सीलपासून बेअरिंगपर्यंत सगळं. मी घेण्याआधी बिलावरच्या नंबरवर फोनही केला होता, एका माणसाने हो आम्हीच केलंय म्हणून सांगितलं. नंतर तो पत्ता शोधला तर तिथे कपडे धुवायचं दुकान. बिलावर इंजिन नंबर नव्हता, गाडीचा व्हीआयएन, म्हणजे चासी नंबर, नव्हता, नुसतं आरएक्स-७ टर्बो. रिबिल्डच्या फोटोतही इंजिन नंबर दिसेल असा एकही फोटो नव्हता. त्यामुळे बिलावरच्या नंबरवर फोन करून समाधान मानू नका, दुकान स्वतः शोधा, त्यांचा नंबर तुम्ही काढा, आणि इंजिन नंबर बिलाशी जुळवा. आणि निघायच्या आधी विकणाऱ्याला मेसेज टाका की मी येईपर्यंत गाडीला हात लावू नको, प्लग मीच काढणार. टेस्ट गरम इंजिनवर, चक्कर मारून आल्यावर, आणि नंतर बंद करून लगेच चालू. जो याला नाही म्हणेल त्याच्याकडून निघा, मग गाडी कितीही गोड दिसो.

विकणाऱ्याने एक मेसेज केला, ॲज इज वाच, आणि मग ब्लॉक. वकील मित्र म्हणाला ॲज इज लिहिलं म्हणून धडधडीत खोटं बोलायची सूट मिळत नाही, पण खोटं लेखी पाहिजे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिल माझ्याकडे होतं म्हणून वाचलो. पेन्सिल्व्हेनियात बारा हजारांपर्यंतचे दावे छोट्या कोर्टात चालतात, त्याच्या गावी जाऊन इंजिनच्या खर्चापुरता दावा टाकला. सुनावणीला तो आलाच नाही, निकाल माझ्या बाजूने लागला, आणि तो कागद माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे. पैसे अजून एक डॉलर आलेला नाही. निकाल मिळणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

इंजिन सध्या टेबलावर आहे. वापरलेली पण बरी हाउसिंग दोन मिळालीत, नवी सील आलीत, बायकोची गाडी सात महिने बाहेर बर्फात उभी आहे आणि त्याबद्दल ती काही बोलत नाही, हे बोलण्यापेक्षा वाईट.

हे लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात जाहिराती चाळताना (हो, अजून चाळतो) १९९० ची लाल टर्बो दिसली, शेजारच्याच काउंटीत. चौथ्या फोटोत तेच तीन पानी बिल. तारीख बदललेली, पहिल्या पानावरचा कॉफीचा गोल डाग मात्र तोच. मी मित्राच्या नंबरवरून विचारलं, गरम झाल्यावर बंद करून लगेच परत चालू करून दाखवशील का. उत्तर आलं नाही, जाहिरात अजून तिथेच आहे.