इस्तंबूलमधला एकच हमाम पाहायचा तर कुठला?

इस्तंबूलमध्ये एकाच हमामापुरता (तुर्की सार्वजनिक स्नानगृहापुरता) वेळ असेल आणि अंघोळीइतकीच ओढ इमारतीचीही असेल, तर निवड या तिघांतून करावी: आयासोफियाजवळचा हुर्रेम सुलतान, झेयरेकमधला चिनिली आणि तोपहानेतला किलिच अली पाशा. तिन्ही सोळाव्या शतकातले, तिन्ही ओटोमन दरबाराचा वास्तुविशारद मिमार सिनान याने बांधलेले.

हुर्रेम सुलतान (1556-57) आराखड्यात सगळ्यात धीट. पुरुषांचा आणि बायकांचा भाग शेजारी न ठेवता सिनानने पाठीला पाठ लावून एका रेषेत मांडले. लांबी सुमारे 75 मीटर. मधल्या काळात इथे कैदी राहिले, गोदाम झालं, 2007 पर्यंत गालिच्यांचं दुकान होतं. 2011 मध्ये तो पुन्हा हमाम झाला. मला मात्र तो फार गुळगुळीत वाटतो, वय पुसून टाकल्यासारखा. आराखडा समजून घ्यायला बाहेरून एक फेरी मारली तरी चालते.

जीर्णोद्धार बघायचा असेल तर चिनिलीला तोड नाही. ओटोमन नौदलप्रमुख बार्बारोस हायरेद्दीन पाशासाठी बांधलेला हा जोडहमाम (पुरुष आणि बायकांचे वेगळे भाग असलेला) 2010 मध्ये नव्या मालकांनी घेतला आणि तीनेक वर्षांचं वाटलेलं काम तेरा वर्षं चाललं. खोदता खोदता खाली ओटोमनांच्या आधीच्या, बायझंटाइन काळातलं पाण्याचं टाकं सापडलं, मग घाई करणं शक्यच नव्हतं. ज्या निळ्या-पांढऱ्या, इझनिक गावच्या टाइल्समुळे त्याला चिनिली, म्हणजे ‘टाइल्सचा’, हे नाव मिळालं, त्यातल्या बऱ्याचशा एकोणिसाव्या शतकात युरोपात गेल्या. भिंतींवर आता मोजक्याच उरल्यात. उत्खननात मिळालेले तुकडे शेजारच्या संग्रहालयात आहेत. ते आवर्जून पाहा. पण हमामाची खरी करामत डोळ्यांआड असते. भट्टीचा गरम धूर फरशीखालच्या पोकळीतून फिरतो आणि भिंतींतल्या नळ्यांतून वर निघून जातो, म्हणून मधला संगमरवरी ओटा, गोबेकताशी, अंगाखाली उबदार लागतो. भिंती जोडणारा मसाला चुना आणि विटांच्या भुकटीचा, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांतल्या सुरखी-चुन्याचाच भाऊबंद. दमट भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगड-विटा झिजतात. म्हणून अशा वास्तूच्या दुरुस्तीत आधी मसाला विचारावा, मग सजावट.

पण प्रत्यक्ष स्नानासाठी मी किलिच अली पाशा निवडेन. कपडे बदलण्याच्या दालनावरचा घुमट सुमारे 14 मीटर रुंद आणि 17 मीटर उंच आहे. आत पाऊल टाकताच मान आपसूक वर जाते. सात वर्षं दुरुस्ती करून 2012 मध्ये हा हमाम पुन्हा उघडला. एक अडचण लक्षात ठेवा: इथे पुरुष-बायकांचे वेगळे भाग नाहीत, त्यामुळे दिवसा बायका आणि संध्याकाळनंतर पुरुष. जोडप्याने एकाच वेळी जायचं असेल तर चिनिली बरा. आणि इथे आलातच तर शेजारची मशीदही पाहा; तीही सिनानचीच, आयासोफियाच्या धर्तीवर बांधलेली.