इसार देण्याआधी कागद तपासून घेतले: वकीलबाईंच्या टायटल सर्चचा माझा अनुभव

बेळगावजवळ हिंडलग्याकडे साडेतीन गुंठ्यांचा प्लॉट बघितला होता. विकणारे दोघे भाऊ, जमीन वडिलार्जित. एजंट म्हणाला, 'काका, ईसी क्लिअर आहे, इसार देऊन टाका.' ईसी म्हणजे जमिनीवरचे नोंदणी झालेले व्यवहार दाखवणारा दाखला. सगळे कागद कन्नडमधले. मला कन्नड बोलता येतं, पण दस्ताची भाषा काही कळत नाही. म्हणून कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी टायटल सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध घेतला. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर 2004 पासूनची ईसी मिळाली, त्याआधीची सब-रजिस्ट्रार कचेरीतून काढली. मग मूळ शेताचा उतारा समोर ठेवून एकेक रकाना मराठीत समजावला: नववा मालकाचा, अकरावा कर्जबोजाचा. बोजा नव्हताच. फेरफारात मात्र वडील वारल्यावर फक्त दोन भावांची नावं लागलेली, निपाणीला दिलेल्या बहिणीचं नाव कुठेच नाही! ईसीत नोंदणी झालेले व्यवहारच दिसतात, वारसाने लागलेली नावं दिसत नाहीत. हे मला साठीत पहिल्यांदा कळलं. मुलीचाही हिस्सा असतो, तो विचारायलाच हवा.

फी सहा हजार, मला रास्त वाटली. दहा दिवस सांगून अठरा लावले आणि फोन उचलत नाहीत, ही तक्रार आहे. लेखी अहवालही इंग्रजीत, तो मराठीत हवा होता.

बहिणीने राजीखुशीने हक्कसोडपत्र नोंदवून दिलं, स्वतः बेळगावात येऊन. त्यानंतरच मी इसार दिला.