शहाळ्यांचा सौदा करताना आमची झालेली फसवणूक

करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी आमच्या उसाच्या बांधावर वडिलांनी लावलेली नारळाची ५८ झाडे आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ऊस जागेवर कुजला, पण ही झाडे पाण्यात ताठ उभी राहिली आणि त्या वर्षी घरखर्च त्यांच्याच जिवावर चालला. गेल्या मार्चमध्ये याच झाडांवर आमची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहीत आहे, कारण उन्हाळा तोंडावर आला की शहाळ्यांचे व्यापारी गावोगाव फिरू लागतात आणि नारळ हे मुख्य पीक नसलेले आमच्यासारखे शेतकरी त्यांच्या हाती सहज लागतात.

व्यापारी आदबीने बोलणारा होता. नगाला २२ रुपये, प्रत्येक झाडाचे तयार झालेले दोनच घड, पाच हजार रुपये विसार आणि बाकीची रक्कम माल भरल्यावर रोख, असे तोंडी ठरले. कागद केला नाही. वडिलांच्या वेळेपासून शब्दावरच व्यवहार होत आले होते.

नारळाला साधारणपणे दर महिन्याला एक नवा घड येतो, त्यामुळे एकाच झाडावर कोवळ्या बोंडांपासून पक्क्या नारळापर्यंत सगळ्या वयाचे घड एकाच वेळी असतात. शहाळ्यासाठी सहा-सात महिन्यांचे फळ योग्य. त्यात पाणी भरपूर आणि गोड असते व मलई नुकती धरू लागलेली असते. पाच महिन्यांचे फळ बाहेरून जवळपास तेवढेच दिसते, पण पाणी पांचट आणि आत मलईचा पत्ता नसतो. व्यापाऱ्याचे गडी घड दोराने सावकाश खाली सोडत होते, कारण शहाळे आपटले की तडकते. ती सफाई पाहून मी निर्धास्त झालो, आणि तेवढ्यात त्यांनी बहुतेक झाडांचा तिसरा, कोवळा घडही उतरवला. शिवाय वर हात पोचावा म्हणून हिरव्या झावळ्या छाटल्या. घड झावळीच्या बेचक्यात टेकलेला असतो. झावळी गेली की तो लोंबतो आणि देठ मोडतो. पुढच्या पंधरा दिवसांत अशी कितीतरी फळे झाडाखाली पडलेली सापडली.

मोजणीही तशीच झाली. मोजणारा दोन्ही हातांत दोन-दोन शहाळी घेऊन टेम्पोत टाकी आणि मोठ्याने खेपेचा आकडा म्हणे. पंचवीस खेपा झाल्या की शंभर, आणि शंभराला एक खडा बाजूला. त्याच वेळी दुसरा माणूस मला उसाचे बिल, मोटारीची वीज, पाण्याची पाळी असे काहीबाही विचारत राहिला. शेवटी चौदा खडे भरले. दोन घडांच्या हिशेबाने अकराशे-बाराशे नग व्हायला हवे होते, हे मला तिथेच खटकायला हवे होते. रात्री पुतण्याने मोबाइलवर सहज घेतलेले चित्रण पाहिले, तर एका शंभरात ‘सतरा’ दोनदा म्हटलेले आणि दुसऱ्यात ‘बावीस’नंतर पुन्हा ‘वीस’. चित्रणात आलेल्या तीन ‘शंभरां’त प्रत्यक्षात १०८, ११२ आणि ११२ नग होते.

चौदाशेच्या हिशेबाने ३०,८०० रुपये होत होते. विसार वजा जाता त्याने १५,००० रुपये दिले आणि उरलेले १०,८०० दुसऱ्या दिवशी देतो म्हणाला. तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे. पोलिसांत गेलो तर ना कागद होता, ना टेम्पोचा नंबर.

मला त्या पैशांपेक्षा कोवळ्या घडांचे अधिक वाईट वाटते. मार्चमध्ये पाच महिन्यांचा असलेला घड ऑक्टोबरपर्यंत पक्का नारळ होतो, आणि नवरात्रात अंबाबाईला वाहण्यासाठी कोल्हापुरात नारळाला मोठी मागणी असते. त्या दिवसांत आमच्या झाडांवर उतरवण्याजोगे जवळपास काहीच नव्हते आणि घटावर ठेवायचा नारळ दुकानातून आणावा लागला.

यंदा सौद्याचा कागद सहीनिशी करतो, टेम्पोचा आणि आधार कार्डाचा फोटो घेतो, तोडणीआधी दोन-तीन झाडांचे एकेक फळ फोडून पाहतो, मोजणी घरचा माणूस करतो, आणि संध्याकाळी झाडाखालचे घडांचे रिकामे दांडे मोजतो. ते ११६ पेक्षा जास्त भरता कामा नयेत. पूर्ण रक्कम मिळाल्याशिवाय टेम्पो बांधावरून हलू देत नाही. या अटी ऐकून दोन व्यापारी परत गेले, तिसऱ्याने मात्र सगळ्या मान्य करून सही केली.