प्रवासाची सवय बदलू पाहणारे ॲप: तीन महिन्यांच्या वापरानंतर

कार्यालयाची जागा बदलल्यामुळे माझा रोजचा रस्ता बदलला आणि त्याच आठवड्यात मी मोटारीऐवजी बस, सायकल किंवा पायी प्रवासाकडे वळवणारे एक ॲप वापरायला घेतले. वर्तनशास्त्राच्या आधारे ते तयार केल्याचा निर्मात्यांचा दावा असल्यामुळे, ते सोयीचे आहे का एवढेच न पाहता हे शास्त्र त्यांना कितपत उमगले आहे, हेही मी तपासले.

नोंदणीच्या वेळीच ॲप विचारते, ‘नुकतेच घर किंवा नोकरी बदलली आहे का?’ हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. तीच वेळ, तोच रस्ता, हातात तीच किल्ली, अशा ठरलेल्या प्रसंगाला सवय चिकटलेली असते. तो प्रसंग मोडला की माणूस काही काळ नव्याने विचार करतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा संप झाला, तेव्हा नाइलाजाने वेगळा मार्ग धरलेल्या प्रवाशांपैकी सुमारे ५ टक्के लोक संप मिटल्यावरही त्याच मार्गाने जात राहिले. माझ्या बाबतीत ही संधी ॲपने बरोबर ओळखली आणि पहिले चार आठवडे रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा बेत माझ्याकडून ठरवून घेतला. किती वाजता निघणार, पाऊस आला तर काय, बैठक लांबली तर कोणती बस, हे सारे आधीच लिहून ठेवल्यामुळे ऐन वेळी मन मोटारीकडे धावले नाही. ‘जर अमुक घडले, तर मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवण्याच्या, पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या ‘जर-तर’ योजनेचा इतका चोख वापर मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मार्ग शोधताना बसचा पर्याय आधी दिसतो. मोटारीचा पर्याय लपवलेला नसतो आणि तिच्या वेळेत जागा शोधून गाडी लावण्याची मिनिटेही धरलेली असतात. ही मांडणी प्रामाणिक आहे.

बसच्या वेळांचा अंदाज मात्र भरवशाचा नाही. प्रवासात गेलेल्या वेळेपेक्षा थांब्यावर ताटकळण्यात गेलेला वेळ माणसाला अधिक जाचतो, त्यामुळे अचूक वेळ कळणे हाच बसप्रवाशाचा मोठा आधार असतो. दोनदा ‘४ मिनिटांत येईल’ असे दाखवलेली बस पडद्यावरून नाहीशी झाली आणि पुढचा आठवडाभर मी मोटारीनेच गेलो. लाभापेक्षा तेवढ्याच तोट्याचे वजन मनाला जास्त वाटते, असे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले होते. वीस वेळा वेळेवर आलेली बस मी विसरलो, त्या दोन लक्षात राहिल्या.

गुणांची योजना मला सदोष वाटते. ॲप हरित फेऱ्या, म्हणजे बसने, सायकलने किंवा पायी केलेल्या फेऱ्या, मोजते; टाळलेले मोटारीचे किलोमीटर मोजत नाही. त्यामुळे केवळ गुणांसाठी मी एकदा गरज नसताना सायकलवरून चक्कर मारली आणि ती यश म्हणून नोंदली गेली. दुसरी चूक तुलनेची. ‘तुम्ही सरासरीपेक्षा पुढे आहात’ हा संदेश वाचून मी सैलावलो. घरगुती वीजवापराविषयीच्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, हेच आढळले होते: कमी वीज वापरणाऱ्यांना सरासरी कळली तेव्हा त्यांचा वापर वाढला, सोबत शाबासकीची साधी खूण दिल्यावर मात्र तो तसा वाढला नाही. ॲपमध्ये अशी खूण नाही.

पहिल्या महिन्याचा मोफत बसपास ॲपच्या योजनेत असायला हवा होता. क्योटोमध्ये मोटार चालवणाऱ्यांना महिनाभराचे मोफत बसतिकीट देऊन पाहिले, तेव्हा मुदत संपल्यानंतरही त्यांचा बसचा वापर पूर्वीपेक्षा जास्त राहिला आणि बसविषयीचे मतही सुधारले. फुजी आणि कितामुरा यांनी ही पाहणी २००३ साली प्रसिद्ध केली. बस अनुभवल्याशिवाय तिच्याविषयीचा ग्रह बदलणे कठीण असते, आणि ॲपच्या पडद्यावर दिसणारे, वाचवलेल्या कार्बनचे ग्रॅम तो बदलू शकत नाहीत.

आठवड्यातून पाच दिवस निघणारी माझी मोटार आता दोन दिवस निघते. गुण आणि क्रमवारी मी बंद केली आहे, संध्याकाळचा बेत तेवढा चालू ठेवला आहे.