जुन्या टूररसाठी ब्रेक होज: रबरी की स्टील-ब्रेडेड?

पंधरा-वीस वर्षांच्या टूररचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोटारसायकलचा, ब्रेक लिव्हर स्पंजसारखा दबत असेल, तर कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) उघडण्याआधी होज (ब्रेक फ्लुइड नेणारी लवचिक नळी) आणि फ्लुइड बघा.

नवी रबरी होज मूळ मापाची आणि सहसा स्वस्त. पण रबर पुन्हा थकणारच. ब्रेडेड होजमध्ये आत टेफ्लॉनची नळी, बाहेर स्टीलची जाळी. दाबाखाली ती फारशी फुगत नाही, त्यामुळे सामान लादून घाट उतरताना लिव्हर घट्ट लागतो. माझं मत ब्रेडेडलाच. फक्त उघडी जाळी टाकीच्या रंगावर करवतीसारखी चालते, तेव्हा प्लॅस्टिकचं आवरण असलेलीच घ्या.

कोणतीही बसवा, बँजो बोल्टचे (होजची टोकं जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर नवेच हवेत. डॉट 4 दर्जाचं ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. ते साधारण 2 वर्षांनी बदलणार नसाल, तर ब्रेडेडचे पैसे वाचवा.