व्हिसाच्या प्रतीक्षेतील समुपदेशन: एरंडवण्यातील एका केंद्राचे परीक्षण

जोडीदार परदेशात, आपण पुण्यात आणि व्हिसा कधी येईल हे सांगणारे कोणी नाही, अशा अवस्थेत समुपदेशनाचा उपयोग होतो का, असे मला अनेकींनी विचारले आहे. माझे उत्तर असे की उपयोग निश्चित होतो, मात्र व्हिसाची माहिती मिळेल या अपेक्षेने तेथे जाऊ नये. ज्या केंद्राविषयी मी लिहीत आहे ते मोजक्या समुपदेशकांच्या बळावर चालते आणि माझ्या काही तक्रारीही आहेत, म्हणून त्याचे नाव देत नाही. शहरात अशी केंद्रे आता बरीच असल्याने निवड करताना काय पाहावे एवढे या लेखातून कळले तरी पुरे.

आमची केस अमेरिकेच्या एफ-२-ए गटातली, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जवळच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसाची आहे. नवरा न्यू जर्सीत नोकरी करतो आणि त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. तो अमेरिकेचा नागरिक असता तर पत्नीच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा लागली नसती. ग्रीन कार्डधारकांचे जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांच्यासाठी मात्र साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसांची तरतूद असते. जुलै २०१९ पासून काही वर्षे हा गट ‘करंट’ होता, म्हणजे अर्ज मंजूर झाल्यावर क्रमांकासाठी थांबावे लागत नसे. एप्रिल २०२३ पासून पुन्हा प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी अर्ज दाखल झाल्याची तारीख, मोजत बसण्याची पाळी आली. दर महिन्याच्या मध्याच्या सुमारास अमेरिकी सरकारचे पुढच्या महिन्याचे व्हिसा बुलेटिन येते; कोणत्या तारखेपूर्वीच्या अर्जांना आता व्हिसा मिळू शकेल हे त्यात असते, आणि ती तारीख कधी पुढे सरकते, कधी जागची हलत नाही, कधी चक्क मागे जाते. अर्ज प्रलंबित असताना पर्यटक व्हिसा मिळणेही अवघड, कारण आपण नक्की परत येणार हे अधिकाऱ्याला पटवावे लागते; आणि नवरा सलग सहा महिन्यांहून अधिक काळ भारतात येऊन राहिला तर त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जात अडचण येऊ शकते. हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की पहिल्या भेटीचा बहुतेक वेळ मला समुपदेशिकांना हेच समजावण्यात घालवावा लागला. “मुंबईला वकिलातीत जाऊन एकदा चौकशी का करत नाही?” हा प्रश्न नातेवाईक फुकट विचारतात; तो शुल्क भरून ऐकताना मला राग आला. ज्यांना या केंद्रात किंवा अन्यत्र जायचे असेल त्यांनी आपल्या केसची हकिकत एका पानावर लिहून आधीच पाठवावी, असे मी सुचवेन.

दुसऱ्या भेटीपासून चित्र पालटले. माझ्या समुपदेशिका मुख्यतः विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलेली ही पद्धत पुण्यात अनेकांना निदान ऐकून माहीत असते, आणि ऐकून माहीत असते म्हणूनच तिच्याविषयी थोडी अढीही असते. दुःख खरे असताना खोट आपल्याच विचारांत काढली जाईल, ही ती अढी. समुपदेशिकांनी ती बोलून दाखवू दिली आणि मग एक साधा भेद समोर ठेवला: तारीख पुढे सरकावी ही इच्छा झाली, ती याच महिन्यात सरकलीच पाहिजे हा हट्ट झाला. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटते आणि माणूस कामाला लागतो. हट्ट मोडला की दोन दिवस कामात लक्ष लागत नाही आणि रात्री फोनवर नवऱ्याशी भांडण होते, जणू बुलेटिन त्यानेच काढले आहे. बुलेटिन पाहण्यापूर्वी माझ्या मनात नेमके कोणते वाक्य असते ते लिहून काढायचे, असा स्वाध्याय त्यांनी दिला. शिवाय काळजी करायची ती रोज संध्याकाळी ठरावीक अर्धा तासच, इतर वेळी मनात आलेली शंका वहीत टिपून त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवायची, असेही सांगितले. या दोन्ही गोष्टी ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतात. परंतु महिन्याच्या मध्याची माझी झोप त्यांनीच सुधारली, हे नोंदवले पाहिजे.

या पद्धतीची मर्यादाही मला तेथेच दिसली. दिवाळीच्या पाडव्याला नवऱ्याला औक्षण करण्याचा दिवस व्हिडिओ कॉलवर काढावा लागतो, तेव्हा त्या दुःखामागे दुरुस्त करण्यासारखा विचार कोणताच नसतो. समुपदेशिकांना हे ओळखता आले, यातच त्यांचे कौशल्य आहे. त्या भेटीत त्यांनी तक्ते आणि स्वाध्याय बाजूला ठेवले आणि केवळ ऐकून घेतले.

केंद्राची सर्वांत उत्तम गोष्ट मात्र वेगळीच आहे. मी सासरी राहते, हे लक्षात घेऊन त्यांनी एका भेटीला सासूबाईंना बोलावण्याची सूचना केली. व्हिसाचे काय झाले, हे सासूबाई मला कधीच विचारत नसत आणि मी त्याला अनास्था समजत होते. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “तिचा व्हिसा आला की घरात आम्ही दोघेच उरणार. तारीख कोणत्या तोंडाने विचारू?” व्हिसाची वाट पाहणे म्हणजे या घरातून निघण्याची वाट पाहणे, ही अपराधी भावना माझ्याही मनात होती, ती दोघींमध्ये उघडपणे बोलली गेली. जोडीदार परदेशात असलेल्यांच्या प्रश्नाकडे केवळ नवरा-बायकोचा प्रश्न म्हणून पाहणारा समुपदेशक इथपर्यंत पोहोचला नसता.

नवऱ्यासह ऑनलाइन भेटीची सोय आहे. शनिवारी संध्याकाळी साडेसातची वेळ घेतली तर उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजलेले असतात, त्यामुळे दोघेही ताजेतवाने बोलू शकतात. याउलट केंद्रातर्फे होणारी गटसभा मला मानवली नाही. समदुःखी भेटले की धीर येतो हे खरे, पण तेथे लवकरच कोणाची प्रायॉरिटी डेट कोणती आणि कोणाचा इंटरव्ह्यू लागला याचा हिशेब सुरू होतो, आणि सभा चालवणाऱ्यांनी तो थांबवायला हवा होता. शिवाय नागरिकाच्या पत्नीची आणि ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीची प्रतीक्षा एकाच मापाने मोजली गेली, की दुसरीला पहिलीचा हेवा वाटण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

दोन शंका बहुतेक जणींना असतात. पहिली शंका दाखल्याची. मानसिक त्रासाचे पत्र जोडून केस लवकर निकाली काढण्याची विनंती करता येईल, या आशेने काही जण केंद्रात येतात. प्रत्यक्ष पाहिले आणि तपासले तेवढेच लिहून देऊ, अशी केंद्राची भूमिका आहे व ती मला योग्य वाटते. तशीही एफ-२-ए गटात तारीख करंट नसेल तर अशा विनंतीने व्हिसाचा क्रमांक निर्माण होत नाही. दुसरी शंका अधिक गंभीर असून तिच्यामुळे कित्येक जणी मदत घेण्याचेच टाळतात: समुपदेशन घेतल्याचे कळले तर व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत नापास करतील का? अमेरिकेच्या नियमांनुसार मानसिक आजारासोबत स्वतःला किंवा इतरांना धोका पोहोचवणारे वर्तन असेल तर प्रश्न निर्माण होतो. चिंता किंवा नैराश्यासाठी उपचार घेणे हे केवळ त्या कारणाने अपात्रता ठरत नाही. तपासणीत विचारले तर खरे सांगावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे, आणि केंद्राने हे पहिल्याच दिवशी लेखी दिले.

पन्नास मिनिटांच्या भेटीचे शुल्क १,२०० रुपये आहे, जे या भागाच्या मानाने वाजवी म्हणता येईल. प्रतीक्षा कक्ष लहान असून आतले बोलणे बाहेर अस्पष्ट ऐकू येते, ही उणीव तातडीने दूर व्हायला हवी. औषधांची गरज भासल्यास ते मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. कोठेही गेलात तरी ती विचारून घ्यावी. ज्यांना शुल्क परवडत नाही किंवा ज्यांचे मन मध्यरात्री कॉल संपल्यावर सैरभैर होते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.

नळ स्टॉप मेट्रो स्थानकावरून केंद्रात चालत जाता येते. शनिवारच्या संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, आणि बुलेटिनच्या आठवड्यात तर हमखास, त्यामुळे नोंदणी आधीच्या आठवड्यात करावी.